‘वी लेफ्ट द ट्रेन’ : प्रवासातली चूक इंग्रजीत कळवताना अर्थ उलटा का होतो, आणि तो कसा सरळ करायचा

तक्रार नेहमीची आहे. प्रवासात काहीतरी बिनसतं. घरी आल्यावर विमान कंपनीला, विमा कंपनीला किंवा हॉटेलला इंग्रजीत मेल जातो आणि उत्तर भलत्याच गोष्टीचं येतं. कधी उलट प्रश्नांची यादी येते, कधी दोन ओळींत नकार. लिहिणाऱ्याला वाटतं, आपलं इंग्रजीच कच्चं. मग तोच मेल आणखी मोठे शब्द घालून परत पाठवला जातो आणि गुंता वाढतो.

पुण्यात तिकिटं आणि व्हिसाची कागदपत्रं करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. असे नाकारले गेलेले मेल लोक माझ्याकडे घेऊन येतात. त्यांतल्या बहुतेकांत व्याकरण ठीकठाक असतं. अडचण अशी की वाक्याचे दोन अर्थ निघतात. लिहिणाऱ्याला स्वतःची हकिकत माहीत असल्यामुळे त्याला त्यातला एकच दिसतो, आणि समोरच्याला दुसरा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं उदाहरण घेतो. काका-काकू मुलीकडे जर्मनीला गेले होते. परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर जायला रेल्वे पकडायची होती. पहिली गाडी खचाखच भरून आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन चढणं शक्यच नव्हतं. पुढची गाडी बरीच उशिरा आली आणि विमान चुकलं. विम्याचा दावा करताना काकांनी लिहिलं : ‘ड्यू टू हेवी रश वी लेफ्ट द फर्स्ट ट्रेन.’ विमा कंपनीने विचारलं, तुम्ही स्वतःहून त्या गाडीतून का उतरलात?

मी विचारलं, “काका, तुम्ही त्या गाडीत चढला होतात का?”

“अरे, चढतोय कसला! दारात पाय ठेवायला जागा नव्हती. सोडली ती गाडी.”

इथेच सगळं होतं. मराठीत ‘गाडी सोडली’ म्हणजे चढलो नाही, जाऊ दिली. दादरला किंवा ठाण्याला सकाळी उभा राहणारा माणूस रोज दोन-तीन लोकल सोडतो. इंग्रजीत ‘लेफ्ट द ट्रेन’ म्हणजे गाडीतून उतरलो. त्यात ‘रश’. आपल्याकडे रश म्हणजे गर्दी, पण भारताबाहेरच्या वाचकाला तो शब्द आधी घाई म्हणून ऐकू येतो. काकांच्या वाक्याचा त्याने लावलेला अर्थ असा : फार घाई असल्यामुळे आम्ही पहिल्या गाडीतून उतरलो. ज्याला विमान पकडायचंय तो घाईत गाडीतून उतरेल कशाला? दावा संशयास्पद वाटला, यात नवल नाही.

आधी क्रियापदं तपासा

मेल परत आला की बहुतेक जण विशेषणं बदलतात, ‘काइंडली’ आणि ‘हम्बल रिक्वेस्ट’ वाढवतात. मी आधी क्रियापदाखाली रेघ मारतो. दोष दहातल्या सात वेळा तिथेच सापडतो, कारण प्रवासातल्या फजितीसाठी मराठीत जी चार-पाच क्रियापदं आहेत ती इंग्रजीत जशीच्या तशी जात नाहीत.

‘सुटली’ पाहा. ‘गाडी सातला सुटते’ यात सुटणं म्हणजे निघणं. ‘माझी गाडी सुटली’ यात तेच सुटणं म्हणजे मला ती मिळाली नाही. इंग्रजीत ‘माय ट्रेन लेफ्ट अ‍ॅट सेव्हन’ लिहिलं तर गाडी सातला निघाली एवढंच कळतं. तुम्ही आत होतात की फलाटावर, याचा पत्ता नाही. ‘आय मिस्ड द ट्रेन’ म्हटलं की तुम्ही फलाटावर राहिलात हे ठरतं.

‘चुकली’ तर आणखी पसरट. वाट चुकते, गाडी चुकते, हिशोब चुकतो, आणि ‘चुकलं माझं’ म्हणून आपण माफीही मागतो. हा शब्द डोक्यात ठेवून इंग्रजी लिहिलं की ‘देअर वॉज अ मिस्टेक इन ट्रेन’ असं काहीतरी उतरतं. यातून काय काय निघू शकतं ते मोजा : चुकीच्या गाडीत बसलो, बरोबर गाडीच्या चुकीच्या डब्यात बसलो, तिकिटावर गाडीचा क्रमांक चुकीचा छापला गेला, गाडीच चुकीच्या फलाटावर आली. चार वेगळ्या घटना, चार वेगळे जबाबदार, परताव्याचे चार वेगळे निकाल. म्हणून ‘मिस्टेक’ हे नाम शक्यतो वापरूच नका. काय केलं ते क्रियापदाने सांगा : ‘आय बोर्डेड द राँग ट्रेन’, ‘आय सॅट इन द राँग कोच’, ‘द ट्रेन नंबर ऑन माय तिकीट वॉज राँग’.

आणि ‘राहिली’. ‘बॅग गाडीत राहिली’ हे मराठीत किती सौम्य वाटतं. जणू बॅगेचीच इच्छा होती. त्याचं ‘माय बॅग रिमेन्ड इन द ट्रेन’ होतं आणि वाचणारा गोंधळतो : बॅग तिथे ठेवायची होती का? इथे तुम्हाला ठरवावंच लागतं. मी विसरलो असेन तर ‘आय लेफ्ट माय बॅग ऑन द ट्रेन’. कुणी नेली असेल तर ‘माय बॅग वॉज स्टोलन’. विमान कंपनीच्या ताब्यात दिलेली बॅग पट्ट्यावर आलीच नसेल तर ‘माय चेक्ड बॅग डिड नॉट अराइव्ह’. या तिन्हींसाठी ‘बॅग मिसिंग’ किंवा ‘बॅग लॉस्ट’ लिहिण्याची आपल्याला सवय आहे आणि ती महागात पडते. ‘आय लॉस्ट माय बॅग’ म्हणजे मी हरवली. ‘द एअरलाइन लॉस्ट माय बॅग’ म्हणजे त्यांनी हरवली. प्रवासविम्यात ताब्यातून हरवलेली, चोरीला गेलेली आणि विमान कंपनीकडून न आलेली बॅग वेगवेगळ्या कलमांत बसते, आणि तुमच्याकडून बेवारस राहिलेली बॅग बऱ्याचदा कुठल्याच कलमात बसत नाही.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात तर शब्दाबरोबर मुदतही बदलते. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे बॅगेचं नुकसान झालं असेल तर ती हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करायची असते. बॅग उशिरा आली असेल तर ती तुमच्या ताब्यात दिल्यापासून २१ दिवसांत. आणि यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटूनही आली नाही, तर ती हरवली असं धरून तुम्ही हक्क सांगू शकता. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. आता समजा बॅग तिसऱ्या दिवशी आली, चाक मोडलेलं होतं, आणि तुम्ही मेलमध्ये फक्त ‘माय बॅग वॉज लॉस्ट अँड आय सफर्ड लॉस’ एवढंच लिहिलं. तिकडे नोंद ‘हरवलेली बॅग, सापडली, प्रकरण बंद’ अशी होण्याचा धोका. मोडलेल्या चाकाचे ७ दिवस मात्र तोवर संपून जातात. दोन घटना दोन वाक्यांत लिहायच्या : बॅग अमुक तारखेला उशिरा आली, आली तेव्हा तिचं चाक मोडलेलं होतं.

‘झालं’ म्हणजे कुणी केलं?

मराठीची एक सवय मला मनापासून आवडते. आपण दोष कुणाच्या अंगावर फेकत नाही. ‘तिकीट कॅन्सल झालं’, ‘नावात चूक झाली’, ‘उशीर झाला’. बोलताना हे सभ्यपणाचं आहे आणि घरातली भांडणं यामुळे टळतात. पण परताव्याचा सगळा नियम ‘कुणी केलं’ यावरच उभा असतो.

‘माय फ्लाइट गॉट कॅन्सल्ड’ आणि ‘माय तिकीट गॉट कॅन्सल्ड’ यांत एकाच शब्दाचा फरक आहे. पहिल्यात विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं असं वाचलं जातं. दुसऱ्यात तुम्ही रद्द केलं, एजंटने केलं, बँकेचा व्यवहार अडकून आपोआप झालं, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून कर्ता आधी लिहा. ‘द एअरलाइन कॅन्सल्ड द फ्लाइट’ किंवा ‘आय कॅन्सल्ड माय तिकीट’. शाळेत कर्मणी प्रयोग औपचारिक म्हणून शिकवला गेला, त्यामुळे ‘इट वॉज डन’ लिहिलं की आपल्याला भारदस्त वाटतं. अशा मेलमध्ये तो बाजूला ठेवा.

रेल्वेच्या बाबतीत हेच अगदी रोकडं दिसतं. ई-तिकिटाच्या परताव्यासाठी टीडीआर (तिकीट डिपॉझिट रिसीट, म्हणजे परताव्याचा अर्ज) भरताना कारण निवडावं लागतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर गाडी प्रत्यक्षात सुटण्याआधी टीडीआर भरल्यास पूर्ण पैसे परत मिळण्याची तरतूद आहे. गाडी रेल्वेनेच रद्द केली असेल तर ई-तिकिटाला टीडीआरही लागत नाही. पण तुम्हीच स्टेशनवर उशिरा पोहोचलात तर गोष्ट पूर्ण वेगळी. आता हे वाक्य वाचा, माझ्याकडे आलेल्या एका मेलमधलं : ‘ड्यू टू लेट, डिड नॉट ट्रॅव्हल.’ लेट कोण? गाडी साडेतीन तास उशिरा होती. लिहिणाऱ्या ताईंना ते इतकं उघड वाटत होतं की गाडीचं नाव घ्यावं असं त्यांच्या मनातच आलं नाही. ‘द ट्रेन वॉज मोर दॅन थ्री अवर्स लेट, सो आय डिड नॉट ट्रॅव्हल’ एवढं लिहिलं असतं तर पुढची पत्रापत्री वाचली असती.

विमानतळावर आणखी एक शब्द जपून वापरा : ‘डिनाइड बोर्डिंग’. काउंटरवर अडवलं की आपण रागाच्या भरात तोच लिहितो. पण विमानवाहतुकीच्या नियमांत त्याचा ठरलेला अर्थ आहे : तिकीट पक्कं होतं, प्रवासी वेळेवर हजर होता, आणि जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेल्यामुळे त्याला घेतलं नाही. भारतात त्यासाठी डीजीसीए या विमानवाहतुकीच्या नियामक संस्थेने भरपाई ठरवून दिली आहे. गेट बंद झाल्यावर पोहोचलेल्या माणसाने हा शब्द वापरला की कंपनी हजेरीची वेळ काढून दाखवते आणि मग त्याच्या मेलमधल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. उशीर झाला असेल तर तसं लिहा : ‘आय रीच्ड द गेट अ‍ॅट १८:५२. इट हॅड ऑलरेडी क्लोज्ड.’ मग उशिराचं कारण त्यांच्याकडे असेल, समजा सामान देण्याच्या रांगेत एकच काउंटर चालू होता, तर ते पुढच्या वाक्यात स्वतंत्रपणे सांगता येतं आणि ऐकलंही जातं.

स्वतःची चूक असेल तेव्हाही हेच. ‘मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड’ यात चूक कबूल केल्यासारखी वाटते, पण काय केलं ते कळतच नाही. व्हिसाच्या अर्जात किंवा खुलाशात तर अशी धूसर वाक्यं मी कुणालाच लिहू देत नाही. ‘ओव्हरस्टेड टू डेज’ म्हणजे परवानगीपेक्षा दोन दिवस जास्त राहिलो. ‘स्टेड ओव्हर टू डेज’ म्हणजे दोन दिवसांहून अधिक राहिलो. शब्द तेच, जागा बदलली. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते आणि आत शिरल्याचा व बाहेर पडल्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. त्यामुळे ‘अबाउट नाइंटी डेज’ लिहिणं धोक्याचं. आलो ती तारीख, निघालो ती तारीख, एकूण दिवस, हे तीन आकडे लिहा आणि ‘ओव्हर’ हा शब्द गाळून टाका.

रात्रीचा एक वाजतो कुठल्या वारी?

वेळेच्या घोटाळ्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक लिहिताना होते आणि त्याआधी प्रवासातही होते.

पंचांगात वार सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. आपण पंचांग पाहत असू वा नसू, बोलताना दिवस तसाच धरतो. ‘शुक्रवारी रात्री एक वाजता निघायचंय’ म्हणजे शुक्रवारचं जेवण आटोपून, अजून झोपलो नाही तोवर. घड्याळाच्या हिशोबाने तो शनिवार असतो. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१४ जून, ००:४०’ असतं आणि कुटुंब १४ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोहोचतं. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. मग मेलमध्ये लिहिलं जातं : ‘वी केम ऑन फोर्टीन्थ नाइट अ‍ॅज पर तिकीट.’ कंपनीला कळतच नाही की तुम्ही विमान सुटण्याआधी आलात की चोवीस तासांनी. १२ एएम आणि १२ पीएममध्येही हाच गोंधळ. उपाय एकच : चोवीस तासांची वेळ आणि तिच्यासोबत तारीख, दोन्ही घटनांची. ‘द फ्लाइट डिपार्टेड अ‍ॅट ००:४० ऑन १४ जून. वी अराइव्ह्ड अ‍ॅट २१:३० ऑन १४ जून.’ हे लिहिताना वाईट वाटतं, कारण चूक उघडी पडते. पण आता समोरचा निदान पुढच्या विमानात जागा आणि फरकाची रक्कम यावर बोलू शकतो.

‘पुढे ढकलली’ हा शब्द तर सरळ खड्ड्यातच नेतो. मराठीत वेळ पुढे गेली म्हणजे उशिराची झाली. इंग्रजीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे अलीकडे आणली, लवकरची केली. आणि ‘मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज’ ऐकल्यावर खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काहींना दोन दिवस आधी वाटतं, काहींना दोन दिवस नंतर. त्यांच्यातच एकमत नसलेला शब्द आपण कशाला उचलायचा? आपला लाडका ‘प्रीपोन’ भारतात चालतो, बाहेर अनेकांना कळत नाही. जुनी वेळ आणि नवी वेळ शेजारी ठेवा : ‘चेंज्ड फ्रॉम १४:०० टू १६:३०.’ मग दिशा सांगायची गरजच उरत नाही.

‘नेक्स्ट फ्रायडे’ येणारा की त्यानंतरचा, यावरही लोक भांडतात. आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना चालतो, पण तिथे क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत तारीखच लिहा. आणि तारीख आकड्यांत नको. ०६/०७/२०२५ हे आपल्याला ६ जुलै दिसतं, अमेरिकेतल्या माणसाला ७ जून. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो. विमानाच्या तिकिटांवरही महिना तीन अक्षरांत छापतात.

साडेसाताचंही लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात, पण जर्मन माणूस त्याच्या भाषेत तेच शब्द जोडून साडेसहा समजतो. मेल ज्याच्या हातात पडेल त्याची मातृभाषा तुम्हाला ठाऊक नसते.

जागा : गोवा म्हणजे कुठलं गोवा?

‘वी वेंट टू गोवा एअरपोर्ट’ हे वाक्य २०२२ पर्यंत निर्धोक होतं. जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातल्या मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि दाबोळीचाही चालूच राहिला. दोघांत साठेक किलोमीटरचं अंतर. तिकिटावर विमानतळाचा तीन अक्षरी संकेत असतो : दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. चुकीच्या विमानतळावर गेलेल्या प्रवाशाने ‘आय वॉज अ‍ॅट गोवा एअरपोर्ट ऑन टाइम’ लिहिलं तर ते खरंही आहे आणि निरुपयोगीही. संकेत लिहा. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल १ आणि सहारचं टर्मिनल २ वेगळं, लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्युटन आणि सिटी असे विमानतळच वेगळे. वांद्रे आणि वांद्रे टर्मिनस या दोन स्थानकांतला फरक मुंबईकराला माहीत असतो, विमा कंपनीच्या माणसाला नाही.

दादरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे पश्चिम रेल्वेचा फलाट क्रमांक १ होता आणि मध्य रेल्वेचाही होता. ‘दादरला एक नंबरवर उभा राहा’ यावरून किती माणसांची चुकामूक झाली असेल! शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे आकडे ८ पासून पुढे नेले. लाखो लोकांच्या रोजच्या वापरातल्या आकड्याचे दोन अर्थ निघत होते, म्हणून रेल्वेने पाट्या बदलल्या. आपण मेलमधला एक शब्द बदलायला हरकत नसावी.

इथे तीन शब्दप्रयोग खास सांभाळा. ‘आउट ऑफ स्टेशन’ आपल्याकडे बाहेरगावी या अर्थाने चालतो. इंग्रज अमलात नेमणुकीच्या गावाला स्टेशन म्हणत, तिथून तो आला. रेल्वेच्या तक्रारीत ‘आय वॉज आउट ऑफ स्टेशन’ लिहिलं तर बाहेरचा वाचक तुम्ही स्थानकाच्या दाराबाहेर उभे होतात असं समजेल. ‘लेफ्ट लगेज’ हे ब्रिटनमध्ये सामान ठेवायच्या खोलीचं नाव आहे, आपल्या क्लोक रूमचं; विसरलेल्या सामानाला तो शब्द नको. आणि ‘रिटर्न तिकीट’. आपण परतीच्या एका तिकिटाला रिटर्न म्हणतो, ब्रिटनमध्ये रिटर्न म्हणजे जाऊन-येऊन. ‘प्लीज कॅन्सल माय रिटर्न तिकीट’ असा मेल गेला आणि जायचं-यायचं दोन्ही रद्द झालं, ही तक्रार मी एकदा नाही, तीनदा हाताळली आहे. ‘द फ्लाइट फ्रॉम लंडन टू मुंबई ऑन २० जून ओन्ली’ असं शहरांनी लिहा.

कोण? ‘वी’, ‘दे’ आणि ‘हिज’

मराठीत आम्ही आणि आपण वेगळे, इंग्रजीत दोन्हींना ‘वी’. तिकिटावर चौघं असतात, त्यातले दोघं पुढे गेले, दोघं मागे राहिले, आणि मेल म्हणतो ‘वी मिस्ड द कनेक्शन’. चौघांचा दावा समजून तपासणी होते आणि दोघं विमानात बसल्याची नोंद सापडते. मग खोटेपणाचा संशय. प्रवाशांची तिकिटावरची नावं लिहा आणि कोण राहिलं ते आकड्यात सांगा.

आदरार्थी बहुवचनाने होणारी चूक मला फार जवळची वाटते, कारण ती संस्कारातून येते. ‘बाबांची बॅग आली नाही, त्यांना दोन तास थांबवलं.’ मुलगा लिहितो : ‘माय फादर्स बॅग डिड नॉट कम अँड दे वेअर मेड टू वेट.’ वडिलांना एकेरी ‘ही’ म्हणायला हात धजत नाही. पण ‘दे’ वाचून समोरचा विचारतो, आणखी कोण होतं सोबत? इंग्रजीत ‘ही’ म्हणण्यात अनादर नाही. वाटलंच तर प्रत्येक वेळी ‘माय फादर’ लिहा.

‘हिज’चंही तसंच. ‘माय ब्रदर टोल्ड माय फादर दॅट हिज पासपोर्ट हॅड एक्स्पायर्ड’ यात मुदत कुणाच्या पासपोर्टची संपली? मराठीत बोलताना ‘भावाने बाबांना सांगितलं, तुमचा पासपोर्ट संपलाय’ असं सरळ येतं. इंग्रजीतही नाव परत लिहायला लाजू नका. शाळेत पुनरुक्तीला दोष म्हणत, दाव्याच्या कागदात मात्र तीच उपयोगी पडते.

याच प्रकारची आणखी एक चूक आहे. ‘वरच्या बर्थवर झोपलेलो असताना चोराने बॅग नेली’ हे मराठीत स्वच्छ, कारण ‘झोपलेलो’ माझ्याकडेच बोट दाखवतं. इंग्रजीत ‘स्लीपिंग ऑन द अपर बर्थ, द थीफ टुक माय बॅग’ लिहिलं की झोपलेला चोर होतो. ‘व्हाइल आय वॉज स्लीपिंग’ म्हणा, संपलं.

पाठवण्याआधीची तपासणी

मी लोकांना एकच गोष्ट करायला लावतो. मेल अशा माणसाला वाचायला द्या जो प्रवासात नव्हता. ‘इंग्रजी बरोबर आहे का?’ असं विचारलं तर तो ‘छान आहे’ म्हणेल. त्याऐवजी त्याला सांगा, काय घडलं ते मला मराठीत सांग. जिथे तो अडखळेल, ‘म्हणजे तुम्ही चढला होतात?’ असं विचारेल, ते वाक्य तोडून पुन्हा लिहा. घरातली शाळकरी पोरं हे काम उत्तम करतात, कारण त्यांना प्रश्न विचारायला संकोच नसतो.

काकांचा मेल आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाला वाचायला दिला. तो दोन ठिकाणी अडला. शेवटी मेल झाला तो मराठीत सांगायचा तर असा : आम्ही दोघं प्रवासी. विमानतळाकडे जाणारी पहिली गाडी ठरल्या वेळी आली. ती पूर्ण भरलेली होती, दोन बॅगांसह आम्हाला चढता आलं नाही, आम्ही फलाटावरच थांबलो. पुढची गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली. आम्ही तिने गेलो. विमानतळावर पोहोचलो तेव्हा सामान घेणं बंद झालं होतं. इंग्रजीत प्रत्येक वाक्य आठ-दहा शब्दांचं, प्रत्येकात कर्ता, आणि जिथे वेळ आली तिथे चोवीस तासांची. ‘रश’ नाही, ‘लेफ्ट’ नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता : रेल्वेचं तिकीट आणि उशिराची नोंद जोडता येईल का? तिकीट काकूंनी पासपोर्टच्या कव्हरमध्ये जपून ठेवलं होतं, आणि फलाटावरच्या पाटीचा फोटो जावयाच्या फोनमध्ये निघाला.